जळगावची किलोवाली लाँड्री: मिंकच्या ब्लँकेटला पाच स्टार, फ्लीसच्या जाकिटाला दोन

रिंग रोडच्या पुढे किलोवर कपडे धुवून देणारी एक लाँड्री नवी झालीय, तिथे मी या हिवाळ्यात तीनदा कपडे टाकले. नाव लिहीत नाही कारण मालक आमच्या नणंदेच्या सासरकडून ओळखीचे निघाले, जळगावात हे असं होतंच. पहिल्या वेळी भांडून आले, दुसऱ्या वेळी गप्प आले आणि तिसऱ्या वेळी चक्क चहा पिऊन आले, त्यामुळे हा रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना फक्त भाव पाहिजेत त्यांनी सरळ खाली जा.

सगळं सुरू झालं भरताच्या पार्टीपासून. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत भरीत पार्टी म्हणजे शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात बामणोदकडची ती मोठी पांढरट हिरवी वांगी भाजायची, मग लाकडानं ठेचायची, वरून तेलात मिरची लसूण शेंगदाणे कांद्याची पात, आणि सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. तेल किती असतं ते खाणाऱ्याला माहीत आणि धुणाऱ्याला माहीत. पोरानं नवंकोरं फ्लीसचं जाकीट घातलेलं, राखाडी, नाशिकहून बाराशेला आणलेलं, आणि थंडी वाजते म्हणून स्वारी जाळाला चिकटून बसलेली. रात्री घरी आला तेव्हा छातीवर भरताचा रुपयाएवढा डाग, सगळ्या जाकिटाला धुराचा वास, आणि बाहीवर मसुराएवढं एक भोक. ठिणगी उडाली म्हणे. सुती शर्टावर तेवढी ठिणगी पडली असती तर झटकली की गेली असती, बहुतेक नुसता डाग राहिला असता, पण फ्लीस पेटायच्या आधीच वितळतं, भोकाच्या कडेला हात लावला तर टणक काळा मणी लागतो. तेवढ्यावरून आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निकाल दिला.

आबा इथल्या खान्देश मिलमध्ये होते, कापडाच्या. आता जिथं खान्देश सेंट्रल मॉल झालाय तिथंच त्यांनी सगळी नोकरी केली, अजूनही नवीन कापड घरात आलं की आधी दोन बोटांत चोळून बघतात आणि मग किंमत विचारतात. जाकीट चोळलं आणि म्हणाले, हे ना सूत ना लोकर, हे प्लास्टिक आहे, बाटलीचं. मला वाटलं म्हातारा चिडून बोलतोय. पण खरंच की हो! फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या बनतात तोच माल, आणि 1993 पासून तर वापरलेल्या बाटल्यांपासूनही फ्लीस बनवतात. आधी मशीनवर विणतात, मग तारेच्या ब्रशच्या रोलरनं खाजवून लव उठवतात आणि ती वरून सारखी कापतात, त्या उभ्या लवेत हवा अडकते म्हणून ऊब. आबा म्हणे लव उठवायचं काम फलालिनीवर पूर्वीपासून चालायचं, यांनी फक्त माल बदलला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे लाँड्रीचं रेटकार्ड. त्यावर तीन रकाने: साधे कपडे 90 रुपये किलो, साड्या नगावर, आणि वूलन नगावर, 180 रुपयांपासून, ड्रायक्लीन. काउंटरवरच्या माणसानं जाकीट बघितलं आणि वूलनमध्ये लिहिलं. मी म्हटलं भाऊ यात लोकर नाहीये, तर म्हणे, ताई गरम कपडा म्हणजे वूलनच. बरं. सोबत घरातलं फ्लीसचं ब्लँकेट होतं, ते पातळ, सोफ्यावर पडून असतं ते, त्याचेही वूलनचे म्हणून 250 लावले. आणि बाकीचे टॉवेल, चादरी, शाळेचे युनिफॉर्म वगैरे साडेपाच किलो. तुम्हीच हिशोब करा, एका फेरीत नऊशेच्या वर गेले. सासूबाईंनी पावती बघितली आणि म्हणाल्या, "इतला पैसा कसाले दिन्हा वं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिनाअखेर होती, मशीनचा पाइप फुटलेला, नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून दिले.

तीन दिवसांनी कपडे आले. टॉवेल चांगले, युनिफॉर्म एकदम कडक, कॉलरची घाण गेलेली, यात खोटं बोलणार नाही. पण फ्लीस! ब्लँकेटवर पांढरी पांढरी पिसं, जणू पिंजाऱ्याच्या दुकानातून आणलंय. म्हणजे वूलनचे पैसे घेऊन ड्रायक्लीन वगैरे काही केलंच नव्हतं, टॉवेलांबरोबर एकाच मशीनमध्ये फिरवलं होतं. टॉवेलाची सुती पिसं सुटतात आणि फ्लीसची लव ती कंगव्यासारखी धरून ठेवते, आणि एकदा धरली की सोडत नाही, मी दोन संध्याकाळी चिकटपट्टी लावून लावून काढली. तरी हे एक वेळ माफ होतं. जाकिटाच्या उजव्या बाहीवर इस्त्री फिरवली होती. अख्खी बाही चकाकत होती, चपटी, हात लावला तर मेणकापड. सासूबाई म्हणाल्या, "पापडसारखं व्हयी गयं", आणि खरंच तसंच झालं होतं.

याचं कारण नंतर समजलं. पॉलिएस्टर पूर्ण वितळायला अडीचशे डिग्रीच्या वर लागतं, पण त्याचा ताठपणा 70-80 डिग्रीपासूनच सुटायला लागतो, त्यात वरून इस्त्रीचं वजन आलं की उभी लव आडवी होते आणि गार झाल्यावर तशीच बसते. मग ब्रश मारा, वाफ द्या, काही करा, ती उठत नाही. आणि मुळात फ्लीसला इस्त्री करायची कशासाठी? त्याला चुण्या पडतच नाहीत! आतल्या लेबलवर इस्त्रीचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली होती, एवढी ठसठशीत. कुणी लेबल वाचतच नाही भो, मीपण वाचत नव्हते. आता वाचते. टबाच्या चित्रात 30 लिहिलं असेल तर 30 डिग्रीपर्यंतचं पाणी, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, चौकोनात गोल म्हणजे ड्रायर, इस्त्रीत एकच टिंब म्हणजे अगदी मंद. एवढी चार चित्रं, पाच मिनिटांत पाठ होतात.

तिसरी गोष्ट वास. धुराचा वास गेला नव्हता, त्याच्यावर कंडिशनरचा गुलाबाचा वास बसवला होता. दोन्ही मिळून काय होतं ते सांगत नाही, पोरगा म्हणे मम्मी लग्नात कुणीतरी विडी ओढतंय असा वास येऊन राहिला. आणि भरताचा डाग जिथल्या तिथं.

गेले परत. मालक होते. आधी म्हणाले की ताई आम्ही सगळ्यांचे असेच धुतो कुणाची तक्रार नाही, मग म्हणाले माल हलका असेल, मग मी बाही आणि लेबल शेजारी शेजारी धरलं तेव्हा गप्प झाले. पैसे परत नाही दिले. पुढचे पाच किलो फुकट धुवून देतो म्हणाले. मी म्हटलं जाकीट गेलं त्याचं काय, तर म्हणे ताई बाही तर आहे ना जागेवर. राग आला पण हसू पण आलं. तेव्हाच नणंदेचं नातं निघालं आणि मग भांडायची सोय राहिली नाही.

दुसरी फेरी त्या फुकटच्या पाच किलोची. या वेळी ब्लँकेट वेगळ्या पिशवीत घातलं आणि वर चिठ्ठी टाचली: गार पाणी, वेगळं मशीन, कंडिशनर नको, ड्रायर नको, इस्त्री नको. काउंटरवर नवीन पोरगा होता, चोपड्याचा, कॉलेज करून दुपारनंतर काम करतो. त्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, काकू मग आम्ही नेमकं करायचं काय? प्रश्न बरोबर होता त्याचा. फ्लीसला करायचं फार थोडं असतं, आणि लाँड्रीचा धंदा तर जास्त करून दाखवण्यावर चालतो. ब्लँकेट आलं एकदम स्वच्छ, पिसं नाहीत, वास नाही. गप्प बसून पैसे दिले, म्हणजे फुकट होतं पण पोराला वीस रुपये दिले.

पण घरी येऊन विचार केला की जे काम त्यांनी कमी केल्यावर चांगलं होतं त्याचे मी 250 का द्यावेत. तेव्हापासून फ्लीस घरीच. आता कसं करते ते सांगते, कारण व्हॉट्सॲपवर तीन जणींनी विचारलंय आणि प्रत्येकीला वेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय.

डाग असेल तर आधी डाग. पॉलिएस्टर पाणी पीत नाही पण तेलाशी त्याचं फार जमतं, म्हणून नुसत्या धुण्यानं तेलकट डाग जात नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब डागावर बोटानं हलके चोळायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, ब्रशनं खसाखसा घासायचं नाही. भरताचा तो डाग असाच गेला, लाँड्रीत जाऊन आल्यावर. मग चेन लावायची (उघडी चेन लव ओढते), जाकीट उलटं करायचं, आणि मशीनमध्ये फ्लीसबरोबर फ्लीसच, नाहीतर दुसरे पॉलिएस्टरचे कपडे. टॉवेल नाही, जीन्स नाही. जीन्स जाड आणि खरबरीत, घासून घासून गोळे आणते. हे गोळे येतात कसे तर लवेतले धागे सुटे होतात आणि घासून एकमेकांत गुंततात. सुती कपड्यावर आले तरी हळूहळू तुटून पडतात, पण पॉलिएस्टरचा धागा चिवट, गोळा तुटत नाही, लोंबकळत राहतो. गोळे काढायचं ते बॅटरीचं मशीन मी ऑनलाइन मागवलं होतं साडेतीनशेला, गोळे निघतात पण जोर दिला की कापडच खातं, ब्लँकेटच्या कोपऱ्यावर टक्कल पडलंय. तीन स्टार त्याला.

साबण. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, बादलीला पांढरा थर येतो. अशा पाण्यात वडीचा साबण लावला की फेस कमी आणि चिकट साका जास्त, तो साका लवेत जाऊन बसतो आणि ब्लँकेट वाळल्यावर राठ लागतं, मग आपण म्हणतो कापड खराब झालं. कापड ठीक असतं, साबण निघालेला नसतो. म्हणून लिक्विड घ्यायचं आणि नेहमीच्या निम्मं घ्यायचं, मी ईझी वापरते, साधं लिक्विडही चालतं. आधीचंच राठ झालेलं असेल तर शेवटच्या खळबळायच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर, वास वाळल्यावर उडून जातो. कंडिशनर मात्र नाही. त्याचा थर धाग्यावर बसतो, लव एकमेकांना चिकटते, घाम बाहेर जायचा थांबतो. आणि वर अशा लव असलेल्या कापडाला त्यानं आग लवकर धरते, काही बाटल्यांवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, आणि आमच्याकडे तर शेकोटीशिवाय हिवाळा नाही.

वाळवणं हा तर विषयच नाही. धागा पाणी पीतच नाही, जे असतं ते धाग्यांच्या मधल्या फटीत, स्पिनला निम्म्याहून जास्त निघून जातं. मंद स्पिन पुरतो. दोरीवर सावलीत टाका, जानेवारीत सुद्धा दुपारपर्यंत कोरडं. उन्हात टाकू नका, आमचं ऊन रंग खातं, एप्रिल-मेमध्ये तर 44-45 डिग्रीला गच्चीवर विसरलेलं ब्लँकेट मी एका मोसमात फिकट झालेलं बघितलंय. होळी झाली की आमच्याकडे गोधड्या, ब्लँकेटं धुवून पेटीत जातात, तेव्हा फ्लीसबरोबर डांबराच्या गोळ्या टाकायची गरज नाही, कसर लोकर खाते, प्लास्टिक नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. त्या टाकतात. आणि पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्या घराला डांबर.

आणि हो, सारखं सारखं धुवायचंही नाही. पोरीनं प्रोजेक्टसाठी वाचलेलं सांगितलं, इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात 2016 साली मोजलं होतं, पॉलिएस्टरचे 6 किलो कपडे एकदा धुतले की साधारण 4 लाख 96 हजार बारीक धागे पाण्यात जातात, ॲक्रिलिकचे तर 7 लाखांच्या वर. डोळ्याला दिसत नाहीत. नाल्यातून नदीला, आणि पुढं तापीतून समुद्राला. हे ऐकल्यावर मी जाकीट दर आठवड्याला धुवायचं बंद केलं, आता गच्चीवर सावलीत वारा देते आणि डाग तेवढा पुसते. धुराचा वास असाच दोन दिवसांत गेला, जो लाँड्रीत गुलाब टाकून गेला नव्हता.

आबांना हे सगळं सांगत बसले होते तेव्हा फ्लीस बनवणाऱ्या पहिल्या मिलची गोष्ट पण सांगितली, त्यांना मिलच्या गोष्टी आवडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये माल्डन मिल्स, 1980 च्या आसपास त्यांनी हे कापड आणलं, आणि 11 डिसेंबर 1995 ला मिलला आग लागली, जवळजवळ सगळी गेली. मालक आरन फ्युरस्टीन, वय सत्तर, विम्याचे पैसे घेऊन घरी बसू शकला असता, त्यानं मिल परत बांधली आणि बांधेपर्यंत कामगारांना काही महिने घरबसल्या पगार दिला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मग ती मिल चालली का पुढं?" मी म्हटलं 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. आबा म्हणाले, "हां." एवढंच. मग जाकीट मागितलं आणि ती चकाकलेली बाही पुन्हा एकदा बोटांत चोळून बघितली.

आता तिसरी फेरी, आणि इथे मला लाँड्रीची बाजू घ्यायची आहे. आमच्याकडे लग्नात आलेलं डबल बेडचं मिंकचं ब्लँकेट आहे, पानिपतचं, त्यावर वाघ. मिंक आणि फ्लीस लोक एकच समजतात, माल बहुतेक वेळा दोन्हीचा पॉलिएस्टरच पण मिंकची लव लांब आणि कापड दुप्पट जाड, कोरडं असताना चार-पाच किलो आणि ओलं झालं की दोन माणसांना उचलत नाही. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पायानं तुडवून धुतलं, माझी कंबर आठ दिवस धरली होती आणि पाणी किती गेलं ते विचारू नका. घरच्या साडेसहा किलोच्या मशीनमध्ये ते कोंबलं तर फिरतच नाही, मधला भाग कोरडा निघतो, आणि स्पिनला मशीन स्वयंपाकघरापर्यंत चालत येतं. लाँड्रीत मोठं मशीन आहे, त्यात ते मोकळं लोळतं, पाणी सगळीकडून जातं. मीच उभी राहून बघितलं, चहा तेव्हाच झाला. चोपड्याच्या पोरानं न सांगता गार पाणी लावलं, कंडिशनरचा कप्पा रिकामा ठेवला आणि ड्रायरमध्ये नुसत्या हवेवर वीस मिनिटं फिरवलं, बाकी मागच्या पडवीत दोरीवर. वाघाचा पिवळा रंग लग्नानंतर पहिल्यांदा दिसला. 300 रुपये. मी खुशीनं दिले, आणि सासूबाईंनी पण काही म्हटलं नाही, जे आमच्या घरात पाच स्टारच्या बरोबरीचं आहे.

रेटकार्डवर आता चौथा रकाना आलाय, पेननं लिहिलेला: "फ्लीस/पोलर, किलोवर, इस्त्री नाही". कुणामुळे आला ते मी सांगत नाही.

बाकी माहिती. साधे कपडे 90 रुपये किलो, पाच किलोच्या खाली घेत नाहीत. मिंक सिंगल 200, डबल 300. तीन दिवस म्हणतात, चार लागतात. सोमवारी बंद. यूपीआय चालतं पण सुटे द्या, पोराला बरं वाटतं. कपडे टाकताना मोजून चिठ्ठी त्यांच्यासमोरच लिहा, माझा एक मोजा अजून तिथेच आहे. गाडी लावायला जागा नाही, समोरच्या मेडिकलवाल्याला विचारून लावा. दुपारनंतर जा, सकाळी मालक असतात आणि ते अजूनही गरम कपडा म्हणजे वूलन म्हणतात.

जाकीट पोरगा घालतोच. बाहीवरच्या भोकावर सासूबाईंनी जुन्या गोधडीतला लाल तुकडा लावून दिलाय, चकाकलेल्या जागेवर पण एक मोठा. शाळेत दोघातिघांनी विचारलं कुठून घेतलं म्हणून.